मिरवेल लावायची तर मे महिन्यातच तयारीला लागा

मृगाचा पाऊस स्थिरावला की मिरी लावायची. पण खड्डे, रोपं, आधार हे सगळं त्याआधी तयार हवं, कारण जून लागला की बागेत हाताला उसंत नसते.

पहिली नजर आधाराच्या झाडावर टाका. पेऱ्यापेऱ्यांवर फुटणाऱ्या बारीक मुळांनी साल धरून मिरवेल चढते, म्हणून खरखरीत सालीचं झाड बरं. पोफळ, माड, आंबा, फणस सगळे चालतात. खड्डा झाडाच्या उत्तरेला किंवा ईशान्येला घ्या, म्हणजे कोवळ्या वेलीला दुपारचं ऊन भाजत नाही. दीड फूट लांब, रुंद, खोल पुरे. पोफळीपासून फूटभर अंतर चालेल, माडापासून मात्र तीन-चार फूट सोडा. बुंध्याजवळ त्याच्या मुळांचं जाळं असतं. खड्ड्यात माती, कुजलेलं शेणखत, निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून भरा. जमिनीला उतार नसेल तर चर आधी खणा. मुळाशी पाणी तुंबलं की मर रोग लागतो आणि हिरवीगार वेल भर पावसात बघता बघता गळून जाते. ते बघवत नाही.

रोपं घेताना लाजू नका, छाट कुठून काढला ते विचारा. वेलीच्या बुडातून जमिनीवर धावणारे फुटवे असतात, त्यांचे दोन-तीन पेरांचे छाट फेब्रुवारी-मार्चमध्ये पिशवीत रुजवलेले हवेत. फळं धरणाऱ्या बाजूच्या फांदीचा छाट लावलात तर झुडूप होतं, ते चढत नाही. कुंडीसाठी मात्र हेच झुडूप छान, खिडकीत मिरी लागते. जात म्हणाल तर केरळातल्या कण्णूर जिल्ह्यातल्या पन्नियूर मिरी संशोधन केंद्राची 1971ची पन्नियूर-1 ही संकरित जात अजूनही जोरात आहे. घोस लांब, दाणा टपोरा. पण दाट सावलीत ती रुसते, तेव्हा आधाराच्या आणि शेजारच्या झाडांच्या फांद्या आधीच विरळ करा.

बुरशीच्या रोगांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणाचं सामानही आणून ठेवा: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं भिजवा, मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता. मग लखलखीत विळ्याचं पातं त्यात बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. बाग आधीपासून असेल तर पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, दुसरी ऑगस्ट-सप्टेंबरात उघडीप बघून.

वेल बांधायला केळीचं सोपट भिजवून घ्या. नायलॉनची दोरी कोवळं खोड कापते. बुंध्याशी पाचोळ्याचं आच्छादन हवंच, पण खोडाला चिकटवून नको.

तिसऱ्या वर्षी घोस दिसू लागतील. तोवर बांबूची शिडी आणि स्वच्छ ताडपत्री जमवा. घोसातला एखाददुसरा दाणा लालसर झाला की तोडणी. दाणे मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून वाळवले की रंग एकसारखा काळा येतो.