प्राप्तिकराची चौकशी चालू असताना वाचकांकडे वर्गणी कशी मागावी

स्वतंत्रपणे लिहिणाऱ्या पत्रकाराचे काम वाचकांच्या पैशावर चालत असेल आणि त्याच सुमारास त्याच्या स्वतःच्या उत्पन्नाची तपासणी सुरू झाली असेल, तर पैसे मागणे थांबवण्याचे कारण नाही. मात्र घरचा पैसा आणि कामाचा पैसा आधी वेगळा करणे आणि चौकशीची बातमी वाचकांना स्वतःहून सांगणे, या दोन गोष्टी टाळता येत नाहीत.

पहिले काम नोटीस नीट वाचण्याचे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १४३(२) खालील नोटीस म्हणजे विवरणपत्र तपासणीसाठी निवडले गेले, एवढेच. तो दोषारोप नव्हे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून नोटीस कोणत्या कायद्याखालची आणि कोणत्या वर्षाची आहे हे सीएकडून समजून घ्यावे. नोटिशीवरचा दस्तऐवज क्रमांक विभागाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा, कारण खोट्या नोटिसाही फिरत असतात.

त्यानंतर कामासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे आणि वाचकांना दिलेला क्यूआर कोड त्याच खात्याला जोडावा. सोसायटीचा देखभाल खर्च, मुलांची फी आणि वाचकांची वर्गणी एकाच यूपीआय क्रमांकावरून जात-येत असेल, तर अधिकाऱ्यापुढे प्रत्येक ओळीचा खुलासा करावा लागतो, आणि ज्या जमेचा स्रोत पटवून देता येत नाही ती अघोषित उत्पन्न समजून तिच्यावर जबर दराने कर लागू शकतो. मागच्या वर्षाचे व्यवहार मिसळलेले असतील तर बँकेचे विवरण घेऊन प्रत्येक जमेपुढे देणाऱ्याचे नाव, तारीख आणि कारण लिहून काढावे. हे काम कंटाळवाणे असले तरी पुढचा सगळा बचाव त्यावरच उभा राहतो. स्वतःच्या उपजीविकेसाठी दरमहा ठरावीक रक्कम कामाच्या खात्यातून घरच्या खात्यात वळवावी. रोख रक्कम शक्यतो घेऊच नये. एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास तर कायद्याचीच मनाई आहे.

मिळणारा पैसा भेट आहे की लिखाणाचा मोबदला, हे आवाहन लिहिण्यापूर्वी ठरले पाहिजे. नातेवाईक नसलेल्यांकडून मोबदल्याविना मिळालेल्या रकमांची वर्षाची एकूण बेरीज ५०,००० रुपयांच्या वर गेली, की केवळ वरची नव्हे तर संपूर्ण रक्कम करपात्र ठरते. सदस्यवर्गणी हे व्यवसायाचे उत्पन्न म्हणून दाखवल्यास छपाई, प्रवास, सर्व्हरचे भाडे असे खर्च वजा करता येतात, म्हणून बहुतेकांना तोच मार्ग सोयीचा पडतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे जाणार असेल तर जीएसटी नोंदणीचाही विचार करावा लागतो. देणगीदाराला मिळणारी कलम ८०जीची करसवलत व्यक्तीला दिलेल्या पैशावर मिळत नाही, तेव्हा तिचे आश्वासन चुकूनही देऊ नये.

परदेशातल्या मराठी वाचकांबाबत विशेष जपावे. परदेशी नागरिकत्व घेतलेला वाचक, त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी, २०१० च्या परकीय योगदान कायद्याच्या दृष्टीने परकीय स्रोत ठरतो, आणि नोंदणीकृत वृत्तपत्राचे संपादक, स्तंभलेखक व मालक यांना असे योगदान घेण्यास बंदी आहे. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी वाचकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परकीय योगदानात मोडत नाही. म्हणून अर्जातच नागरिकत्व विचारावे आणि वकिलाचा स्पष्ट सल्ला मिळेपर्यंत परदेशी नागरिकांचे पैसे स्वीकारू नयेत.

आता आवाहनाचा मजकूर. त्यात वर्षाचा अपेक्षित खर्च, हाती असलेली शिल्लक आणि कमी पडणारी रक्कम हे तिन्ही आकडे द्यावेत, आणि त्यांच्याच खाली लिहावे: ‘माझ्या वैयक्तिक विवरणपत्राची प्राप्तिकर विभागाकडून तपासणी सुरू आहे. मागितलेली माहिती मी देत आहे. आपली वर्गणी माझ्या कराच्या किंवा वकिलाच्या खर्चासाठी वापरली जाणार नाही.’ ही बातमी वाचकाला दुसऱ्याकडून कळली, तर खरा हिशेबही त्याला सारवासारव वाटू लागतो. कायदेशीर खर्चासाठी मदत हवी असेल तर तिचे आवाहन आणि हिशेब निराळा ठेवावा. १९१६ मध्ये साठाव्या वाढदिवशी मिळालेली एक लाखाची थैली लोकमान्य टिळकांनी स्वतःसाठी न ठेवता राष्ट्रकार्याला दिली. लोकांनी विश्वासाने दिलेल्या पैशाबाबत एवढी काटेकोर दृष्टी आपल्याकडे होती, आणि ती आजही हवी.

पारदर्शकतेलाही मर्यादा असावी. पत्नीचा किंवा पतीचा पगार, आई-वडिलांच्या ठेवी आणि वर्गणीदारांची नावे जाहीर करण्याचे बंधन लेखकावर नाही. कामाचा तिमाही जमाखर्च पुरेसा आहे. पुरावा हाती नसताना चौकशीला सूडबुद्धीची कारवाई म्हणू नये, आणि विभागाला दिलेली उत्तरे सीएला न विचारता प्रसिद्ध करू नयेत.

निर्णय विरोधात गेला आणि कराची मागणी निघाली, तर अपिलाची ३० दिवसांची मुदत सांभाळावी, मागणी निघाल्याचे वर्गणीदारांना त्याच आठवड्यात कळवावे, आणि ज्यांना पुढे सदस्य राहायचे नसेल त्यांची उरलेल्या काळाची वर्गणी परत करण्याची सोय ठेवावी.