लातुरात मोठा होलोग्राम: रात्री दोननंतर

होलोग्राम म्हणजे लेसरनं काचेवर उमटवलेलं त्रिमितीय चित्र. आमच्या गल्लीतून ट्रक जायचे थांबले की मगच मी लेसर चालू करतो. काच लाल प्रकाशाच्या अर्ध्या तरंगलांबीएवढी हलली तरी चित्र जातं, म्हणून टेबल हवा कमी भरलेल्या ट्यूबांवर, त्यावर फरशी, त्यावर वाळू. पंखा बंद. मे महिन्यात जीव जातो, पण इलाज नाही.

पद्धत सोव्हिएत शास्त्रज्ञ डेनिस्युक यांची, १९६२ची. ६३२.८ नॅनोमीटरचा हेलियम-निऑन लेसर अर्धा तास तापू द्या. भिंगाने किरण पसरवून वरून तिरका, साधारण ४५ अंशांत, ३० बाय ४० सेंटिमीटरच्या, प्रकाश टिपणारं रसायन लावलेल्या काचेच्या प्लेटवर सोडा. रसायनाची बाजू वस्तूकडे. प्लेटमधून गेलेला प्रकाश वस्तूवरून परततो आणि आत येणाऱ्याला भिडतो, तीच नोंद. वस्तू प्लेटला जवळजवळ चिकटूनच ठेवा. प्लेट लावल्यावर दहा मिनिटं श्वाससुद्धा जपून.

मी हौसेनं खंडोबाच्या पितळी टाकामागं पैठणीचा पदर लावला. टाकावरच्या घोड्याचा लगामसुद्धा उमटला, पदराच्या जागी मात्र काळं भोक! कापड हलतंच. त्यापेक्षा पांढरा रंग दिलेलं प्लास्टर बरं.

डेव्हलप, ब्लीच, धुणं हिरव्या मिणमिणत्या दिव्यात. रसायनाचं भांडं बर्फाच्या पाण्यात. वाळताना थर आकसतो, त्यामुळे लाल चित्र पिवळट-हिरवं दिसतं. मागून काळा रंग मारा.

सोव्हिएत संग्रहालयं नाजूक मूळ वस्तूंऐवजी असे होलोग्राम प्रदर्शनांना पाठवत. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची प्राचीन हस्तिदंती बाहुलीही अशी गावोगाव फिरवता येईल. होलोग्राम भिंतीवर लावताना लेसर सोडला होता त्याच कोनातून एकच छोटा हॅलोजन दिवा. ट्यूबलाइटखाली सगळं धुरकट दिसतं, अन् लोक म्हणतात, "सर, काच पुसा की."