रात्री ठरलेलं सकाळी बदलायचं: घराचा निर्णय कसा लागला

लक्षण असं: रात्री ‘नाशिकला पंचवटीतल्या घरातच राहायचं’ ठरायचं, सकाळी चहा होईपर्यंत पाथर्डी फाट्याचा भाड्याचा फ्लॅट बरा वाटायचा. चार महिने हेच. फायदे-तोटे लिहिले, दोन्हीकडे सात-सात मुद्दे. नातेवाइकांना विचारलं, नाणंही उडवलं. डोकं पार उठलं होतं.

शेवटी जमलं ते या क्रमाने. आधी सल्ले विचारणं बंद. मग सोमवारी (रविवारी नाही, रविवारी सगळे रस्ते चांगलेच असतात) सकाळी साडेआठला पंचवटीतून अंबड एमआयडीसीला कामावर जायला गाडी काढली. द्वारका चौकातच मोठा वेळ गेला. एकूण 50 मिनिटं. मंगळवारी त्याच वेळी फाट्यावरून निघालो: 12. बुधवारी संध्याकाळी आईला फ्लॅटवर नेलं. लाइट गेलेली, लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून ती म्हणाली, "अशा दिवशी मी खालीच बसेन रे." चौदा मुद्द्यांत हे नव्हतंच.

त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरची जागा मिळेपर्यंत थांबायचं, असं ठरलं. निर्णय, कारण आणि तारीख कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवलं. नवी माहिती आली तरच विषय पुन्हा काढायचा. दीड महिन्याने जागा मिळाली. कागद नव्या घरातही फ्रीजवरच आहे, आई त्यावर दुधाचा हिशोब लिहिते.