दर्यावर्दी इंग्रज घराण्याची वंशावळ शोधताय? या चुका टाळा

ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर दोन-तीन पिढ्या काढलेल्या घराण्याचा शोध घ्यायला बसलेला नवखा माणूस बहुतेक वेळा एकच गोष्ट करतो. संकेतस्थळावर आडनाव टाकतो, पंधरा जॉन समोर येतात, त्यातला वयाला जुळणारा उचलतो आणि वंशवृक्षावर चिकटवतो. पुढचे सहा महिने परक्याच माणसाच्या मागे जातात. शिवाय त्याने चिकटवलेलं दुसरा उतरवून घेतो, तिसरा त्याच्याकडून घेतो, आणि दहा वृक्षांवर दिसलं म्हणून ते खरं मानलं जातं. दहा नकला म्हणजे दहा पुरावे नव्हेत.

या कामात नावावरून जहाजाकडे जायचं नसतं, जहाजावरून नावाकडे यायचं असतं.

एक नाव, दोन माणसं

सगळ्यात जास्त वंशावळी इथे बिघडतात. कवी विल्यम वर्डस्वर्थ यांच्या घराण्याचं उदाहरण घ्या. त्यांचा धाकटा भाऊ जॉन, जन्म १७७२, हा ‘अर्ल ऑफ अ‍ॅबरगेव्हनी’ या जहाजाचा कप्तान होता. बंगाल आणि चीनकडे निघालेलं हे जहाज ५ फेब्रुवारी १८०५ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंडजवळच्या शॅम्बल्स या उथळ पट्ट्यावर आदळलं आणि वेमथच्या उपसागरात बुडालं. जहाजावर सुमारे चारशे माणसं होती. कप्तानासह अडीचशेच्या वर गेली.

आता गोम पाहा. त्याच्या आधी याच नावाच्या जहाजाचा कप्तानही जॉन वर्डस्वर्थच होता. तो कवीचा चुलतभाऊ, व्हाइटहेवनच्या काकांचा मुलगा, जन्म १७५४, मृत्यू १८१९. धाकटा जॉन आधी त्याच्याच हाताखाली समुद्रावर गेला होता. दोघांना ओळखायला थोरला-धाकटा या अर्थी ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ लावतात. नवखा माणूस ते वाचतो आणि सरळ बाप-लेक ठरवून मोकळा होतो.

एवढ्यावर भागत नाही. जहाजंही दोन होती. पहिलं ‘अर्ल ऑफ अ‍ॅबरगेव्हनी’ १७८९चं, ते १७९५ मध्ये शाही नौदलाने विकत घेतलं. दुसरं १७९६च्या डिसेंबरमध्ये नॉर्थफ्लीटला पाण्यात सोडलं गेलं. म्हणजे कप्तान दोन, जहाजं दोन, आणि कागदावर नाव एकच. १७९०च्या दशकातला कागद थोरल्याचा आणि १८०१ नंतरचा धाकट्याचा, हे पाहिलं नाही तर १८०५ मध्ये बुडालेला माणूस पुढे चौदा वर्षं जिवंत राहतो.

हा योगायोग नव्हता. कंपनी बरीचशी जहाजं स्वतः बांधत नसे, मालकांच्या गटांकडून भाड्याने घेई. जहाज ठरलेल्या सफरी करून निकामी झालं की त्याच्या जागी नवं बांधायचा हक्क त्याच गटाकडे राही, आणि अनेकदा जुनंच नाव नव्याला मिळे. कप्तानपदही घरातल्या घरात सरकत असे. म्हणून आडनाव आणि जहाज दोन्ही जुळलं तरी माणूस जुळला असं समजू नका.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. साधी वही घ्या आणि प्रत्येक सफरीला एक ओळ द्या: हंगाम (उदाहरणार्थ १७९६/७), जहाज, ते पाण्यात सोडल्याचं वर्ष, टनभार, कप्तान, पहिला मेट (कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी), निघाल्याची आणि परतल्याची तारीख. पूर्वेची फेरी साधारण दीड वर्षाची. दोन सफरी एकमेकींवर चढल्या की माणसं दोन, हे त्याच क्षणी दिसतं. लंडनमध्ये बाळाचा बाप्तिस्मा झाला म्हणून बाप तिथे होता असं धरू नका. जहाज कधी निघालं ते पाहून महिने मोजा. वयही तपासा. अठराव्या शतकाच्या शेवटी कंपनीच्या नियमाने कप्तान किमान २५ वर्षांचा लागे, त्यामुळे एकोणीस वर्षांचा ‘कप्तान’ सापडला तर तो बहुधा दुसराच कुणी आहे.

नात्याचे शब्द

आपल्याकडे चुलत, आते, मामे, मावस असं सगळं वेगळं असतं. इंग्रजी ‘कझिन’ हे सगळं एकाच पोत्यात भरतं, आणि जुन्या पत्रांत पुतण्या-भाच्यालाही तोच शब्द येतो. अठराव्या शतकातल्या मृत्युपत्रातला ‘ब्रदर’ मेहुणा असू शकतो आणि ‘सन-इन-लॉ’ सावत्र मुलगाही. मराठीत टिपण करताना घाईने ‘चुलतभाऊ’ लिहू नका. मूळ शब्द देवनागरीत तसाच उतरवा आणि नातं सिद्ध झालं की मगच मराठी करा.

तसंच ‘शिप्स हजबंड’ म्हणजे कुणाचा नवरा नव्हे. तो जहाजाचा कारभार पाहणारा मालक-प्रतिनिधी. नावापुढचं इंग्रजी ‘जे-एन-ओ’ म्हणजे जॉन, जोनाथन नव्हे.

तारखा

जहाजाच्या रोजनिशीत दिवस मध्यान्हापासून मध्यान्हापर्यंत चाले आणि तो किनाऱ्यावरच्या दिवसाच्या बारा तास आधी सुरू होई. रोजनिशीत ‘१२ ऑगस्ट, पी.एम.’ला मृत्यू असेल तर किनाऱ्यावर ती ११ ऑगस्टची दुपार. सकाळची नोंद मात्र जुळते. शाही नौदलाने ही पद्धत १८०५ मध्ये सोडली, कंपनीच्या जहाजांवर ती पुढेही चालली. दफनाची नोंद मृत्यूच्या आदल्या दिवशीची दिसली की लोक नोंदवहीला दोष देतात. दोष नसतो, घड्याळ वेगळं असतं.

दुसरा घोळ वर्षाचा. १७५२ पूर्वी इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलत असे. नोंदीतला ‘१० फेब्रुवारी १७३७’ आपल्या हिशेबाने १७३८चा. तो कायम १७३७/८ असाच लिहा, नाहीतर मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं.

चुकीच्या दारात उभं राहणं

मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये कप्तान जॉर्ज निकोलस हार्डिंज यांचं स्मारक आहे. १८०८ मध्ये फ्रेंच जहाजाशी लढताना ते मारले गेले. स्मारक मुंबईत म्हणून त्यांना मुंबईच्या दफन नोंदीत शोधाल तर वेळ जाईल. दफन कोलंबोला झालं. आणि ते शाही नौदलाचे, म्हणून त्यांचे सेवेचे कागद लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात.

उलट बॉम्बे मरीनचा, म्हणजे कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराचा, अधिकारी क्यूमध्ये शोधणं व्यर्थ. तो कंपनीचा नोकर, त्याचे कागद ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात. चहा वगैरे माल आणणाऱ्या कंपनीच्या व्यापारी जहाजांच्या रोजनिशा आणि पगारवह्या ‘एल/एमएआर/बी’ मालिकेत, मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं ‘एन/३’ मध्ये १७०९ पासून. ‘एन/१’ बंगाल, ‘एन/२’ मद्रास. मरीन सेवेची बदलती नावंही लक्षात ठेवा: बॉम्बे मरीन, १८३० पासून इंडियन नेव्ही, १८६३ मध्ये पुन्हा बॉम्बे मरीन, १८७७ पासून इंडियन मरीन, १८९२ पासून रॉयल इंडियन मरीन. एकाच माणसाची नोकरी तीन नावांखाली विखुरलेली असू शकते.

१८३४ नंतर कंपनीचा व्यापार संपला. त्यानंतरचा ‘कंपनीचा चहाजहाजी कप्तान’ घरातल्या दंतकथेत असतो, कागदात नसतो.

आई गायब असेल तर

बाप्तिस्म्याच्या नोंदीत फक्त बापाचं नाव आणि मूल ‘नॅचरल’ (लग्नाबाहेरचं) असं लिहिलेलं असेल तर आई बहुधा इथलीच, हिंदुस्थानातली. अनेक जण ही नोंद लाजेने गाळतात. गाळू नका, आणि मनाने आईला नावही देऊ नका. बापाचं मृत्युपत्र काढा. १८५८च्या जानेवारीपर्यंतची इंग्लंडमध्ये सिद्ध झालेली अशी बरीच मृत्युपत्रं क्यूच्या ‘प्रॉब ११’ मध्ये, इथे हिंदुस्थानात सिद्ध झालेली इंडिया ऑफिस संग्रहाच्या ‘एल/एजी/३४/२९’ मध्ये, मालमत्तेच्या याद्या ‘एल/एजी/३४/२७’ मध्ये. तिथे ‘घर सांभाळणारी’ म्हणून एखाद्या बाईला ठरावीक रक्कम लावून दिलेली सापडते. तिचं नाव इंग्रज कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं असतं. ते मोठ्याने वाचून पाहा, मराठी किंवा उर्दू कानाला ते पटकन ओळखू येतं.

मुंबईतच राहत असाल तर काळा घोड्याच्या महाराष्ट्र राज्य अभिलेखागारात मरीन खात्याचे खंड आहेत. जाताना माणसाचं नाव घेऊन जाऊ नका. वहीतलं जहाज, वर्ष आणि महिना घेऊन जा, आणि आधी खंडाची अनुक्रमणिका मागा.