ऑइल बदलताना धातूचा तुकडा सापडला? या चुका टाळा

मोटरसायकलच्या इंजिनाखालचा ड्रेन बोल्ट (ऑइल काढायचा बोल्ट) सुटतो, काळं ऑइल भळभळ खाली येतं आणि ट्रेच्या तळाशी काहीतरी चकाकतं. त्यानंतरच्या दहा मिनिटांत माणसं जे करतात ते पाहून मी थकलो आहे. एक जण "जुनं इंजिन, एवढं चालायचंच" म्हणत सगळं ओतून मोकळा होतो. दुसरा त्याच संध्याकाळी इंजिन खोलून बसतो. तुकडा नीट पाहिलेला मात्र दोघांनीही नसतो.

बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात. त्यामुळे सापडलेला तुकडा पिस्टनचा असू शकतो, गिअरचा असू शकतो, क्लच बास्केटचा (क्लचच्या प्लेट धरणाऱ्या वाटीचा) असू शकतो, नाहीतर इंजिनातला नसेलही. धातू कोणता, आकार कसा आणि तुटलेली कड कशी दिसते, एवढं पाहिल्याशिवाय तोंड उघडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

घाणेरडा ट्रे

मागच्या आठवड्यात ज्या ट्रेमध्ये चेन धुतली त्यातच ऑइल काढायचं आणि तळाच्या कचऱ्यावरून इंजिनाचं निदान करायचं. ट्रे आधी रॉकेलने धुऊन, पुसून घ्या. पांढरा असेल तर उत्तम.

राखाडी लेपाला घाबरणं

ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावर मऊ, राखाडी लेप दिसणारच. कागदावर पसरला की तो शिशाच्या पेन्सिलीने रंगवल्यासारखा दिसतो, त्यात दाणे नसतात. ही रोजची झीज आहे. नव्या इंजिनाच्या पहिल्या सर्व्हिसला तो जास्त असतो, थोडी चमचमही असते. त्या लेपात सुईसारखे काटे, चकत्या किंवा नखाला अडकणारे कण असतील तर मात्र गोष्ट वेगळी.

चुंबक न लावताच धातूचं नाव घेणं

"ॲल्युमिनियम दिसतंय" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता लगेच चुंबक पुढे करतो. ऑइलमध्ये भिजलेलं पोलादही पांढरं, हलकं दिसतं. माझी सवय सांगतो. ऑइल जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळायचं, राहिलेला गाळ रॉकेलमध्ये खळबळून पांढऱ्या कागदावर सुकवायचा. चुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरून फिरवायचा. पिशवी उलटी केली की चिकटलेले कण आपोआप सुटतात. नुसता चुंबक फिरवलात तर तो कीस काढता काढता रात्र होईल.

चिकटलं ते पोलाद किंवा बीड (ओतीव लोखंड): गिअर, बेअरिंग, कॅम, रॉकर, क्लचच्या पोलादी प्लेट, सिलिंडरची बाही. न चिकटलेलं पांढरं बहुधा ॲल्युमिनियम: पिस्टन, क्लच बास्केट किंवा इंजिनाची केस, म्हणजे बाहेरचं कवच. तांबूस किंवा पिवळं असेल तर पितळ-काशाचे बुश, क्लच प्लेटच्या मसाल्यातलं पितळ, नाहीतर बेअरिंग. साध्या शेल बेअरिंगच्या (गोळ्यांऐवजी दोन अर्धगोल पत्र्यांच्या) इंजिनात तांब्याचा रंग दिसला तर वरचा मऊ थर घासून गेला असण्याचा संशय धरा आणि गाडी चालू करू नका. एक सिलिंडरच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला, जिथे तो क्रँकला जोडतो, बहुधा रोलर बेअरिंग असतं आणि त्याच्या पिंजऱ्यावर तांब्याचा किंवा चांदीचा मुलामा असू शकतो. तिथून पातळ पापुद्रे सुटतात.

ॲल्युमिनियमची खात्री हवी असेल तर कण पेट्रोलने धुऊन कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाका. बुडबुडे आले तर ॲल्युमिनियम. हातमोजे आणि चष्मा घाला, भांडं उघडं ठेवा, कारण सुटतो तो हायड्रोजन. काळी चकती पक्कडीत दाबल्यावर भुगा झाली तर कार्बन, चपटी झाली तर धातू.

एका गुंडाळीवरून इंजिन खोलणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला, "क्रँक गेला, इंजिन खोललंय." जाऊन पाहिलं तर हेड एकीकडे, सिलिंडर दुसरीकडे, बोल्ट कुठल्या भोकाचे त्याचा पत्ता नाही. पुरावा म्हणून त्याने पुढे केली ॲल्युमिनियमची एक चकचकीत गुंडाळी, स्प्रिंगसारखी. मी ड्रेन बोल्ट मागितला आणि ती गुंडाळी बोल्टच्या आट्यांवर ठेवली. ती खाचेत अशी बसली की जणू तिथेच जन्मली होती. केसच्या भोकाचे आटे निघून आले होते. मागच्या वेळी कोणीतरी लांब पान्याने, सगळं वजन टाकून बोल्ट आवळला होता.

इंजिन धडधाकट होतं. आटे पाडून त्यात इन्सर्ट (नव्या आट्यांची बाही) बसवला असता तर काम संपलं असतं. त्याऐवजी नवे गॅस्केट, दोन हरवलेले वॉशर आणि तीन रविवार गेले. तेव्हापासून कुठलीही गुंडाळी दिसली की मी आधी बोल्टवर ठेवून बघतो. अनेक मोटरसायकलींच्या १२ मिमी ड्रेन बोल्टला २० ते ३० न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क (आवळण्याचा जोर) सांगितलेला असतो. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे, तो वाचा आणि टॉर्क पाना वापरा. "हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्यांचेच आटे मी सर्वात जास्त दुरुस्त केले आहेत.

कोनेदार तुकडा खिशात टाकून गाडी चालवणं

उलट बाजूची चूक यापेक्षा वाईट. एका मित्राच्या ट्रेमध्ये हरभऱ्याच्या डाळीएवढा पोलादी कपचा निघाला. एक बाजू गुळगुळीत, घासून चमकलेली. दुसरी बाजू राखाडी, दाणेदार, साखरेचा खडा फोडावा तशी. दाणेदार बाजू म्हणजे ताजं तुटलेलं पोलाद. गाडी दुसऱ्या गिअरमधून अधूनमधून सुटत होती, हे त्याने विचारल्यावर सांगितलं. मी म्हटलं, हा गिअरच्या डॉगचा, म्हणजे शेजारच्या गिअरमध्ये अडकणाऱ्या उंचवट्याचा, कोपरा आहे, चालवू नकोस. त्याला दोन दिवसांनी लांब जायचं होतं. नवं ऑइल भरलं आणि निघाला.

एक कोपरा बाहेर आला होता, बाकीचे आतच होते. वाटेत पुढचा कपचा दोन गिअरच्या दातांमध्ये गेला, दात तुटले, मागचं चाक जाम झालं आणि केसला तडा गेला. वळणावर वेग कमी होता म्हणून तो पडला नाही. मी त्याला आणखी ठामपणे का अडवलं नाही, हा विचार अजून येतो.

तेव्हा माझा नियम असा आहे: दाणेदार कड असलेला कपचा, बेअरिंगची गोळी किंवा रोलर, किंवा एका बाजूने आरशासारखी आणि दुसऱ्या बाजूने खडबडीत पातळ चकती सापडली तर स्टार्टरला हात लावायचा नाही. ती चकती म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या फिरतात त्या वाटेची किंवा गिअरच्या दाताची साल निघते आहे. "जरा आवाज ऐकून बघू" म्हणून चालू करणाऱ्यांना मी पाना हातात देत नाही.

बाकीच्या

डब्यासारखा ऑइल फिल्टर हॅकसॉने कापू नका. करवतीचाच कीस आत पडतो आणि मग त्याचं निदान होत बसतं. फिल्टर कटर वापरा, आतला कागद ब्लेडने सोडवा, दाबून ऑइल काढा आणि घड्या उन्हात उलगडून बघा.

ऑइल पंपाकडे जाताना लागणारी जाळी न काढता "फिल्टर साफ होता" म्हणू नका. मोठे तुकडे जाळीवरच थांबतात.

रबरासारखे ताणले जाणारे गोळे म्हणजे गॅस्केटवर थापलेला सिलिकॉन. धातू नाही म्हणून सोडू नका, जाळी तुंबली की इंजिन कोरडं पडतं. प्लॅस्टिकचे काळे-तपकिरी तुकडे दिसले तर कॅमचेनला धरून ठेवणाऱ्या गाइडकडे बघा.

आवाज दबावा म्हणून जाड ऑइल भरणं, इंजिनात रॉकेल घालून फिरवणं, दोन्ही बंद करा. पहिल्याने रोग झाकतो, दुसऱ्याने बेअरिंगवरचा ऑइलचा थर जातो.

बारीक चमचम आहे पण तुकडा नाही, आवाज नाही, गिअर सुटत नाही, अशा वेळी मी नवं ऑइल आणि नवा फिल्टर घालून साधारण ३०० किलोमीटरनंतर पुन्हा काढतो. पहिल्या वेळचे कण फेकत नाही. एका पारदर्शक डबीत भरून वर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवतो. दुसऱ्या वेळचे कण शेजारी ठेवले की कमी झाले की वाढले ते दिसतं. वाढले असतील तर दोन्ही डब्या घेऊन मेकॅनिककडे जातो आणि इंजिन खोलण्याआधी त्या त्याच्या हातात देतो.