बायबलमधील याजकपण समजून घेण्यासाठी काय वाचावे आणि कोणत्या क्रमाने

ख्रिस्ती शास्त्रातील याजकपणाचा, म्हणजे देव आणि लोक यांच्यामध्ये उभे राहून सेवा करण्याच्या पदाचा, अर्थ नीट समजून घ्यायचा असेल, तर नव्या करारातील इब्री लोकांस पत्रापासून सुरुवात करू नये. या विषयाचा सर्वांत सविस्तर विचार त्याच पत्रात आहे हे खरे. पण लेखक ज्या वाचकांशी बोलतो, त्यांना निवासमंडप (इस्राएली लोकांचा उपासनेचा तंबू), अंतरपट (त्यातील परमपवित्र स्थानापुढचा पडदा), पहिला प्रमुख याजक अहरोन याचे घराणे आणि वार्षिक प्रायश्चित्त हे सारे आधीच ठाऊक आहे. आपल्याला ते ठाऊक नसले की पत्र अवघड वाटते आणि चर्चा लवकरच पंथभेदांच्या वादाकडे वळते.

म्हणून आधी जुन्या करारातील निर्गम या पुस्तकाचा 28 वा अध्याय सावकाश वाचावा. त्यातील वस्त्रांचे वर्णन कंटाळवाणे समजून अनेक जण ओलांडून जातात, पण याजकपणाचे मर्म तिथेच आहे. अहरोनाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक रत्न आहे आणि प्रत्येकावर सहा नावे कोरलेली आहेत. छातीवरच्या ऊरपटात चार ओळींत बारा रत्ने आहेत आणि प्रत्येकावर इस्राएलाच्या एका वंशाचे नाव आहे. तो पवित्रस्थानात पाऊल टाकतो तेव्हा साऱ्या लोकांना खांद्यावर आणि हृदयावर घेऊन जातो. यालाच जोडून गणना 6:24-26 वाचावे. तिथे अहरोन आणि त्याचे पुत्र लोकांकडे वळून देवाच्या नावाने आशीर्वाद देतात. लोकांना देवापुढे नेणे आणि देवाचा आशीर्वाद लोकांपर्यंत आणणे, ही दुहेरी सेवा मनात पक्की झाली की पुढचे वाचन सोपे होते.

त्यानंतर लेवीय 16 घ्यावा. प्रायश्चित्ताच्या दिवशी प्रमुख याजक भरजरी वस्त्रे बाजूला ठेवून साधी तागाची वस्त्रे घालतो, आणि लोकांसाठी काही करण्याआधी स्वतःच्या व आपल्या घराण्याच्या पापांसाठी गोऱ्हा अर्पण करतो. मग दोन बकऱ्यांपैकी एकाचे रक्त अंतरपटाच्या आत नेले जाते, तर दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापे कबूल केली जातात आणि त्याला रानात सोडले जाते. या अध्यायात याजकाने ‘स्वतःसाठी’ केलेल्या अर्पणाचा उल्लेख जिथे जिथे येईल, तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवावी. इब्री 7:27 ला पोहोचल्यावर त्या खुणांचा उपयोग होईल. याजकांच्या अधःपतनासाठी 1 शमुवेल 2 पुरेसा आहे: लोकांनी अर्पण केलेले मांस शिजत असतानाच, याजक एलीच्या पुत्रांचा चाकर ते त्यांच्यासाठी काढून घ्यायला तीन दातांचा काटा घेऊन येतो.

आता मलकीसदेक. उत्पत्ती 14:18-20 मध्ये शालेमचा हा राजा भाकर व द्राक्षारस घेऊन येतो, अब्रामाला आशीर्वाद देतो आणि त्याच्याकडून दशमांश, म्हणजे दहावा हिस्सा, घेतो. स्तोत्र 110:4 मध्ये त्याचे नाव पुन्हा येते. ही दोन वचने वाचून मगच इब्री 4:14 पासून 10:25 पर्यंतचा भाग शक्यतो एका बैठकीत वाचावा. येशू यहूदा वंशातला, म्हणजे याजकपद लेवीच्या वंशाकडे सोपवणाऱ्या व्यवस्थेप्रमाणे याजक होऊच न शकणारा. ही अडचण लेखक लपवत नाही, उलट तिच्यावरच आपला युक्तिवाद उभारतो: येशू लेवीच्या नव्हे, तर मलकीसदेकाच्या परंपरेतला याजक आहे. 10:11-12 मधील फरक विशेष लक्षात घ्यावा: इतर याजक रोज उभे राहून तेच यज्ञ पुन्हापुन्हा करतात, आणि ख्रिस्त एकच यज्ञ अर्पून देवाच्या उजवीकडे बसतो.

मग निर्गम 19:6 आणि 1 पेत्र 2:5-9 शेजारी ठेवावेत. साऱ्या लोकांनाच याजक म्हणण्याची परंपरा किती जुनी आहे, ते त्यातून दिसते. प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचे प्रवर्तक मार्टिन लूथर यांनी 1520 मध्ये याच वचनांवर भर दिला. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट धर्मसभेने 1563 मध्ये दीक्षित (विधिपूर्वक नेमलेल्या धर्मगुरूंचे) याजकपद हा संस्कार असल्याचे ठामपणे मांडले, तर त्याच चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये म्हटले की श्रद्धावंतांचे सामाईक याजकपण आणि दीक्षितांचे सेवायाजकपण ही मुळातच वेगळी असली, तरी दोन्ही ख्रिस्ताच्या एकाच याजकपणात सहभागी आहेत. आपल्याकडे कॅथलिक घरात ‘फादर’ आणि प्रॉटेस्टंट मंडळीत ‘पाळक’ म्हणतात, त्यामागे हा इतिहास आहे.

कॅथलिक गुरुदीक्षेचा, म्हणजे नवा धर्मगुरू नेमण्याचा, विधी पाहण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये. उमेदवार जमिनीवर पालथा पडतो, बिशप न बोलता त्याच्या मस्तकावर हात ठेवतात, मग उपस्थित धर्मगुरूही तसेच करतात, आणि पुढे त्याच्या तळहातांना पवित्र तेल लावले जाते. जाण्याआधी लेवीय 8 वाचून जावे. तिथे नव्या याजकाच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला रक्त लावले जाते.

गटात अभ्यास करत असाल, तर शेवटची बैठक इब्री 13:15-16 साठी राखून ठेवावी. देवाची स्तुती, चांगली कृत्ये आणि आपल्याकडचे इतरांना देणे, असे यज्ञ तिथे सांगितले आहेत आणि ते साऱ्या मंडळीला सांगितले आहेत. तेव्हा येत्या आठवड्यात यांपैकी कोणता यज्ञ कोण करणार, हे त्याच बैठकीत ठरवावे.