शाळा सुटलीय? आधी दाखला शोधा

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी, पेठ, सुरगाण्यात दहावीला अडकून घरी बसलेल्या पोरांना ‘पुढं काय करणार?’ हे नंतर विचारा. आधी विचारा, शाळा सोडल्याचा दाखला कुठंय? अर्धी वाट त्या कागदावर ठरते.

परीक्षेला बसून नापास झालेल्याने 17 नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा फॉर्म भरायचा नाही. हा घोळ नेहमीचा. तो पुनर्परीक्षार्थी, गुणपत्रिका घेऊन जुन्याच शाळेत जायचं आणि राहिलेले विषय तेवढे द्यायचे. एक-दोनच विषय गेले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. हे कित्येक घरांत ठाऊकच नसतं.

17 नंबरचा फॉर्म, शाळा मध्येच सुटलेल्यांसाठी. दहावीला त्यातून बसायला किमान पाचवी पास हवी. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा, मग त्याची प्रिंट, मूळ दाखला, आधार आणि फोटो घेऊन संपर्क शाळेत, म्हणजे बाहेरून बसणाऱ्यांचं काम बघणाऱ्या शाळेत जायचं. दाखला हरवला असेल तर शाळेतून दुसरी प्रत काढा, सोबत प्रतिज्ञापत्र लागतं.

अर्ज अडतो तो नावावर. दाखल्यावर ‘किसन’, आधारवर ‘कृष्णा’. अशा वेळी आधार दाखल्याप्रमाणे करून घ्या; शाळा सोडल्यावर दाखल्यात दुरुस्ती करणं फार जिकिरीचं. दुसरी अडचण मोबाईलची. रिचार्ज न केल्यानं आधारला जोडलेलं सिम बंद पडतं, नंबर दुसऱ्याला जातो आणि ओटीपी भलत्याच्याच फोनवर. आधार केंद्रावर नंबर बदलून घ्या, मगच सेतूत किंवा सायबर कॅफेत बसा.

परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन द्राक्षाच्या खुड्यात. निफाड-दिंडोरीच्या बागांत कामाला गेलेला पोरगा लेखी परीक्षेला कसाबसा येतो, पण अंतर्गत गुणांचं काम त्याआधी संपर्क शाळेत उरकलेलं असतं. विषयाला 20 गुण तिथेच जातात. मुकादमाकडून उचल घेण्याआधी शाळेकडून तारखा लिहून घ्या.

पुस्तकात मन लागतच नसेल तर आयटीआय. वेल्डर, प्लंबर अशा काही ट्रेडना दहावी नापासही चालतो. पसंतीक्रमात फक्त सातपूरची आयटीआय लिहू नका, तालुक्याचीही लिहा. रोजच्या एसटीचा आणि खोलीभाड्याचा हिशेब आधी मांडा. पहिल्या पसंतीची जागा लागली आणि ती घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर, म्हणून जे खरंच करायचंय तेच वर ठेवा.

त्यानंतर अंबड, सातपूर, सिन्नरच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवारी. इथं डोळे उघडे ठेवा. ठेकेदार ‘ट्रेनी’ म्हणून घेतो, गणवेश देतो, पण अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर करार नोंदवतच नाही. मग वर्षभर मशीनवर राबूनही प्रमाणपत्र मिळत नाही. रुजू होतानाच कराराचा नोंदणी क्रमांक मागा आणि पोर्टलवर आपल्या लॉगिनमध्ये तो दिसतो का, ते पहिल्याच आठवड्यात बघा. आणि नोकरी लावून देतो म्हणून कुणी आगाऊ पैसे मागितले तर तिथूनच माघारी फिरा. शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळतं, त्याला पैसे भरावे लागत नाहीत.